रात्री दोन वाजता ठाण्यात कोण असते? ग्रामीण पोलीस व्यवस्थेविषयीचे अनुभव

पोलीस हा राज्यसूचीतला विषय असल्यामुळे ठाण्याची पदे मुंबईत मंजूर होतात, गाड्या आणि कॅमेरे पुष्कळदा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतात, आणि हाताशी असलेला माणूस आधी कुठे पाठवायचा हे प्रभारी अधिकारी ठरवतो. ठाण्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला हे तिन्ही निर्णय एकाच वेळी भोगावे लागतात. ज्यांनी ते जवळून पाहिले आहेत, त्यांना आपला अनुभव लिहिण्याची विनंती केली होती.

बागायतदार शेतकरी

गेल्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. सकाळी पाणी द्यायला गेलो, तेव्हा स्टार्टरच्या पेटीतून जेमतेम वीतभर तुकडा लोंबत होता, आणि तांबे काढण्यासाठी ओढ्याच्या कडेला जाळलेल्या वेष्टणाची राख अजून कोमट होती. ठाण्यात पहिला प्रश्न किमतीचा आला. जुनी केबल चार हजारांच्या आसपास भरत होती, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांप्रमाणे पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. अंमलदारांनी हे मला शांतपणे समजावून सांगितले, त्यांना मी दोष देत नाही. परंतु त्याच आठवड्यात आमच्या शिवारातल्या सात जणांच्या केबली गेल्या होत्या, सातही नोंदी स्वतंत्रपणे अदखलपात्र झाल्या, आणि दाखल गुन्ह्यांच्या तक्त्यात आमचे गाव शांत दिसले. त्या तक्त्यावरूनच गस्त ठरत असेल, तर आमच्याकडे गाडी कधी येणार? नवी केबल मिळेपर्यंत आठ दिवस पाणी तुटले आणि उभा भुईमूग करपला. ते नुकसान कोणत्याही रकान्यात येत नाही.

निवृत्त सहायक फौजदार

माझ्या नोकरीची शेवटची नऊ वर्षे बीट, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला गावांचा एक गट, सांभाळण्यात गेली. सोळा गावे, मदतीला एक शिपाई आणि स्वतःची मोटारसायकल, एवढ्यावर काम चालायचे. मंजूर पदे, भरलेली पदे आणि त्या दिवशी हजर असलेली माणसे हे तीन निरनिराळे आकडे असतात. चर्चा मात्र पहिल्या दोनच आकड्यांची होते. हजर असलेल्यांमधून ठाणे अंमलदार, वायरलेस, कोठडीचा पहारा, न्यायालयाचे काम, समन्स-वॉरंटची बजावणी, 112 या आपत्कालीन क्रमांकाच्या गाडीवरचे कर्मचारी आणि मुद्देमाल घेऊन प्रयोगशाळेत गेलेला एक जण असे वजा करत गेले, की रात्रगस्तीसाठी नावे शोधावी लागत. त्यात गणेशोत्सव, यात्रा, निवडणूक किंवा मंत्र्यांचा दौरा आला, की बीटवरचा माणूस सर्वांत आधी उचलला जाई, कारण बंदोबस्तात माणूस कमी पडला तर वरून विचारणा होते, पण गावात पोलीस फिरकला नाही म्हणून कोणी लेखी तक्रार करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी प्रकाश सिंह खटल्यात तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची यंत्रणा वेगळी करण्यास सांगितले. पण सुरुवात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपासून करायची होती. आमच्यासारख्या ठाण्यांत मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभा राहिलेला माणूसच रात्री परत येऊन केस डायरी लिहीत बसायचा, आणि मीही तसा पुष्कळदा बसलो आहे.

महिला पोलीस पाटील

महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 नुसार गावातली खबर ठाण्याला देणे हे माझे कर्तव्य आहे. 2024 मध्ये आमचे मानधन 6,500 रुपयांवरून 15,000 रुपये झाले, त्याचे मोल मी जाणते. मात्र खबर घेणारा माणूस जागेवर नसेल, तर ती देऊन काय उपयोग? दोन भावांमध्ये बांधावरून वाद पेटला होता, पेरणीच्या तोंडावर मारामारी होईल असे मी तीनदा कळवले. पूर्वीचे बीट हवालदार असते, तर दोघांनाही पारावर बोलावून तासभर बसले असते, आणि त्यांच्या शब्दाला वजनही होते. नवीन अंमलदार चार महिन्यांत तिसरे होते, आणि त्या आठवड्यात बंदोबस्तासाठी दुसऱ्या तालुक्यात गेले होते. चौथ्या दिवशी थोरल्याच्या डोक्यात फावडे बसले. त्यानंतर पोलीस आले, पंचनामा झाला, जबाब झाले, आणि आता दोन्ही घरे न्यायालयाच्या तारखांना जातात.

पोलीस शिपायाची पत्नी

साप्ताहिक सुट्टी कागदावर आहे. मागच्या महिन्यात चारपैकी तीन सुट्ट्या रद्द झाल्या, आणि मुलाच्या तापाच्या रात्री हे नाकाबंदीवर होते. जे गावकरी पोलीस उशिरा येतात म्हणून रागावतात, त्यांचा राग मला समजतो. आलेला माणूस किती तासांपासून जागा आहे, एवढेच त्यांनी एकदा विचारावे.

माजी सरपंच

आमच्या ठाण्याला जिल्हा नियोजनच्या निधीतून नवी गाडी मिळाली, तेव्हा आम्ही हार घातला होता. पुढे ती बरेचदा आवारातच उभी दिसू लागली, कारण दोन पाळ्यांसाठी एकच चालक होता. निधीतून वाहन घेता येते, चालकाचे पद मात्र त्यातून निर्माण होत नाही. म्हणून आमच्या ग्रामसभेने कॅमेऱ्यांची मागणी मागे ठेवून वेगळा ठराव केला: दूरक्षेत्रात, म्हणजे ठाण्याच्या लांबच्या चौकीत, रात्री किमान दोन कर्मचारी असावेत, बीट अंमलदाराला बंदोबस्तावर पाठवल्यास त्याच्या जागी कोण आहे हे पोलीस पाटलांना कळवावे, आणि बीट भेटींची तारीखवार नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. पहिल्या दोन मागण्यांचे उत्तर अजून आलेले नाही. नोंद मात्र गेल्या तीन महिन्यांपासून लागते आहे, आणि त्यात आतापर्यंत पाच भेटी आहेत.