पेसमेकरचं व्होल्टेज कमी केलं, बाबा रुसलेत

कृष्णाकाठ: बाबा ७४. हार्ट ब्लॉक होता, तीन महिन्यांपूर्वी पेसमेकर बसवला. परवा तपासणीत टेक्निशियनने छातीवर माऊससारखं यंत्र ठेवलं, लॅपटॉपवर खुडबुड केली आणि ३.५ व्होल्टचे २.५ केले. बॅटरी ८ वर्षं दाखवत होती, ती ११ दाखवायला लागली. बाबा वीज मंडळात लाइनमन होते. व्होल्टेज उतरलं की शेतातली मोटर जळते, हे डोक्यात पक्कं. रिक्षात बसल्यापासून एकच धोशा, "पैसे पुरते घेतले आणि करंट कमी सोडला!" वर बॅटरी वाचवायची म्हणून जिनाही चढेनात. खरंच धोका आहे का?

कॅथलॅबवाला: रिपोर्टात थ्रेशोल्ड किती आहे? म्हणजे हृदयाने ठोका धरायला कमीत कमी लागणारे व्होल्ट.

कृष्णाकाठ: ०.७५, पल्स (यंत्राच्या एका झटक्याची लांबी) ०.४ मिलिसेकंद.

कॅथलॅबवाला: मग २.५ म्हणजे तिपटीहून जास्त. साधारण दुप्पट ठेवायची पद्धत आहे. सुरुवातीला वायरीच्या टोकाशी सूज येऊन थ्रेशोल्ड चढू शकतो, म्हणून ३.५ ठेवतात. आणि काकांना सांगा, ही मोटर नव्हे. हृदयाचा स्नायू एकतर पूर्ण ठोका देतो, नाहीतर देतच नाही. थ्रेशोल्डच्या वरचं सगळं राखीव.
ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने जाते. ३.५ चा वर्ग १२.२५, २.५ चा ६.२५. निम्मी! शिवाय लिथियम-आयोडीन बॅटरी मुळात २.८ व्होल्टची, ३.५ काढायला सर्किटला वेगळा खटाटोप. तरी आयुष्य दुप्पट होत नाही, कारण सर्किट स्वतःही खातं.
जिना चढू द्या. मिनिटाला ७० धरले तरी दिवसाला लाखभर ठोके होतात. बसून वाचते ती चिल्लर. चक्कर आली तर मात्र लगेच दाखवा.

मालतीमावशी: माझं दुसरं यंत्र आहे. पहिलं साडेनऊ वर्षं चाललं. नुसती बॅटरी निघत नाही रे, अख्खी डबी बदलतात. वायरी माझ्या जुन्याच ठेवल्या. 'बदला' असा इशारा आल्यावर साधारण तीन महिने हातात असतात, तेव्हा तपासणी चुकवू नका. मीही देवळाच्या पायऱ्या सोडल्या होत्या. वजन वाढलं, दुसरं काही नाही.

कृष्णाकाठ: वर्गाचं गणित कागदावर मांडून दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मग ०.७५ डायरीत लिहून घेतलं. पुढच्या वेळचं रीडिंग स्वतः बघणार म्हणे. आत्ता गच्चीवर टाकी बघायला गेलेत.