मदत हवी आहे : प्रारूप विकास योजनेत आमच्या विहिरीवरून रस्ता, हरकतीला १९ दिवस उरलेत

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मुदत चालू झाली आहे म्हणून सगळं एकदाच लिहिते.

आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. नगरपरिषद 'क' वर्ग, म्हणजे लोकसंख्या २५ ते ४० हजारांच्या मधली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाहीये, मला पुढे काय करायचं ते समजून घ्यायचं आहे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांसारखी आमच्याकडेही जवळजवळ चार वर्षं प्रशासकांची राजवट होती. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली, नवे नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले. त्यांच्यासमोर मुख्याधिकारी साहेबांनी चार पानी निवेदन वाचलं आणि नंतर ते सूचना फलकावर लावलं. मी त्याचे फोटो काढून आणले. साहेबांनी काही लपवलेलं नाही, हे आधी सांगते. इतकं स्पष्ट निवेदन मी या कार्यालयाकडून पहिल्यांदाच वाचलं.

पहिल्या पानावर कर्मचारी. आकृतीबंधातली (मंजूर पदांच्या यादीतली) निम्म्याहून जास्त पदं रिक्त. नगररचना सहायकाचं पद रिक्त, स्थापत्य अभियंत्याकडे शेजारच्या नगरपंचायतीचाही कार्यभार, म्हणून ते आठवड्यात दोनच दिवस इथे. वॉलमन (पाणी सोडायचे वॉल फिरवणारे) तीन, त्यातले एक मार्चअखेर निवृत्त. सफाईचं बरंचसं काम ठेक्यावर.

दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सेवा. नळाला आठ दिवसांनी पाणी, घंटागाड्या, पथदिवे, जन्म-मृत्यू दाखले, मालमत्ता कराची थकबाकी.

आणि चौथ्या पानावर सात-आठ ओळींत नियोजन. शहराची सुधारित प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठल्या जागेवर पुढे काय होणार हे दाखवणारा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाली आहे, नकाशे कार्यालयात बघायला ठेवले आहेत, हरकती-सूचना ३० दिवसांत लेखी द्याव्यात.

नकाशा बघायला गेले. भिंतीवर दोन मोठे नकाशे, त्यावर पिवळे, हिरवे, तांबडे रंग. समजावून सांगणारं कुणीच नाही. ज्यांनी सांगायचं ते पदच रिक्त आहे. जन्म-मृत्यू विभागातल्या ताई बिचाऱ्या हातातलं काम सोडून आल्या आणि आमचा गट नंबर शोधून दिला. तेव्हा कळलं की १२ मीटरचा नवा रस्ता आमच्या अर्ध्या एकराच्या बरोबर मधून जातो. मध्ये म्हणजे विहिरीवरून. आजोबांनी खोदलेली, दगडी बांधकामाची विहीर. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी, या विहिरीला पाणी होतं. नकाशावर तिथे विहिरीची खूणसुद्धा नाही. कोरी जागा.

वडील ७६ वर्षांचे आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आमच्या पुढे-मागे आणखी अकरा घरं त्याच रेषेत येतात, त्यातल्या निम्म्या लोकांना असा नकाशा लागला आहे हेही माहीत नव्हतं.

माझे प्रश्न असे. नगररचनेचं पदच रिक्त असेल तर ही योजना केली कुणी, आणि त्या मुद्द्यावर ती थांबते का? हरकतीत नेमकं काय लिहायचं? अकरा घरांनी मिळून एकच अर्ज द्यावा की वेगवेगळे? आणि समजा योजना अशीच मंजूर झाली, तर आमची जागा लगेच जाते का?

---

प्रतिसाद

ताई, मी नगररचना खात्यातून निवृत्त झालो आहे. घाबरू नका, पण दिवस वायाही घालवू नका.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पद रिक्त आहे म्हणून योजना थांबत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे योजना तयार करायला नगररचना अधिकारी नेमतात, आणि लहान नगरपरिषदांसाठी ते काम बहुतेकदा आमच्या खात्याची माणसं करतात. नगरपरिषदेच्या आस्थापनेवरचं पद वेगळं. तो मुद्दा हरकतीत पहिला घातलात तर वाचणारा तिथेच मान हलवून पुढे जाईल. तुमची खरी ताकद त्या कोऱ्या जागेत आहे.

योजनेच्या आधी कलम २५ खाली विद्यमान जमीन वापर नकाशा करावा लागतो. आज जागेवर काय आहे ते त्यात दिसलं पाहिजे. विहीर तिथे नसेल तर पायाच चुकला, आणि त्यावर आखलेल्या रस्त्याचा फेरविचार मागायला तुम्हाला ठोस कारण मिळालं. कार्यालयात जाऊन तो नकाशा आणि योजनेचा अहवाल असे दोन्ही मागा. नुसता रंगीत नकाशा बघून परत येऊ नका. कलम २६ प्रमाणे प्रमाणित प्रती वाजवी किमतीत विकत मिळायला हव्यात. तसा अर्ज द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकाराच्या मागे आत्ता लागू नका. तिथे उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर तुमची मुदत संपेल.

मुदत फलकावरच्या कागदाच्या तारखेवरून मोजू नका. शासन राजपत्रात सूचना कधी आली ते विचारा आणि तिथून ३० दिवस मोजा. १९ दिवस उरलेत असं म्हणताय, ते कुठून मोजलेत?

हरकत एका पानाची असू द्या. गट नंबर, क्षेत्र, मालकाचं नाव, कोणत्या प्रस्तावाला हरकत, का, आणि पर्याय काय. पर्याय फार महत्त्वाचा. 'रस्ता नको' यापेक्षा 'रस्ता अमुक बांधाच्या कडेने न्यावा, तिथे आधीच पाणंद (शेतातली वाट) आहे' हे नियोजन समितीला वापरता येतं. सोबत सात-बारा, गटाचा नकाशा, विहिरीचे फोटो. 'व्यक्तिशः सुनावणी मिळावी' हे शेवटचं वाक्य विसरू नका.

सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत नगरपरिषदेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि शासनाकडून नेमलेले चारपर्यंत जाणकार. आता तुमच्याकडे निवडून आलेली माणसं आहेत. त्या तिघांना प्रत्यक्ष विहिरीवर घेऊन जा.

शेवटचा प्रश्न. जागा लगेच जात नाही, मालकी तुमचीच राहते. मात्र बांधकाम परवानगी देताना प्रारूप योजनेतला प्रस्ताव आजपासूनच बघितला जातो. योजना अंतिम होऊन अमलात आल्यावर दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर कलम १२७ खाली 'जागा विकत घ्या' अशी खरेदीची सूचना मालकाला देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पण त्या वाटेने जाणं म्हणजे बारा वर्षं टांगणीला. हरकतीच्या टप्प्यावरच जोर लावा.

---

प्रतिसाद

आमच्या गावात असंच झालं होतं, म्हणून अनुभवाचं एक सांगतो. अकरा घरांनी अकरा अर्ज द्या. आम्ही शंभर सह्यांचा एक अर्ज दिला आणि सुनावणीला एकच नोटीस आली, ती पहिल्या सहीवाल्याच्या नावाने. तो त्या दिवशी मुलीकडे नाशिकला! मजकूर सारखा असला तरी चालेल, पण प्रत्येकाचा स्वतःचा सात-बारा किंवा घरपट्टीची पावती जोडा, आणि आवक क्रमांक टाकून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

---

प्रतिसाद

मी वेगळंच लिहिणार आहे. माझा भाऊ नगरपरिषदेत ठेक्यावर वॉलमन आहे. वॉल फिरवायला पहाटे तीनला उठतो. पाणी आलं नाही की शिव्या त्यालाच, पगार दोन-दोन महिने उशिरा. तुमच्या निवेदनातलं पहिलं पान लोक वाचून सोडून देतील, तसं करू नका. राज्यस्तरीय संवर्गातली पदं नगरपरिषद स्वतः भरू शकत नाही, ती राज्याच्या नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडून भरली जातात. २०२३ मध्ये १७८२ पदांची जाहिरात आली होती, आमच्या घरातूनही अर्ज गेला होता. तुमच्या नगरसेवकांनी ठराव करून रिक्त पदांची मागणी वर पाठवली का, एवढं तरी विचारा. नकाशा समजावायला माणूस नाही, हे त्याच पानाचं फळ आहे.

---

प्रतिसाद

मी नगररचना खात्यातला निवृत्त काका, परत आलो. ताई, निवेदनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पाणीपुरवठ्याखाली नेमकं काय लिहिलंय ते शब्दशः टाकाल का? टंचाई आराखड्याचा उल्लेख असेल तर तो मला बघायचा आहे.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा दिवस धावपळ चालली होती.

काका, तुम्ही विचारलंत म्हणून ते पान पुन्हा वाचलं आणि हात थरथरले. तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे : 'संभाव्य टंचाई लक्षात घेता एप्रिल ते जून या कालावधीत पूरक स्रोत म्हणून खालील खासगी विहिरींच्या अधिग्रहणाचा प्रस्ताव तहसील कार्यालयाकडे पाठविण्यात येत आहे.' खाली पाच गट नंबर. दुसरा आमचा.

म्हणजे तिसऱ्या पानावर गावाला पाणी पाजायला आमची विहीर हवी आहे, आणि चौथ्या पानावरच्या योजनेत तिच्यावरून रस्ता जातो.

वडिलांना शेवटी सांगितलं. ते काही वेळ गप्प बसले, मग ट्रंक उघडायला लावली. त्यात २०१६ सालचा विहीर अधिग्रहणाचा आदेश निघाला, गोल शिक्क्यासह. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपला होता. "तेव्हा आपण पैशासाठी दिलं नव्हतं," एवढंच बोलले.

मुदतीचं : राजपत्राच्या तारखेवरून मोजले तर माझे दोन दिवस कमी झाले. आज ११ उरलेत. प्रमाणित प्रतींचा अर्ज दिला, पोच मिळाली. विद्यमान जमीन वापर नकाशाही बघितला, त्यावर आमचा गट 'पडीक' दाखवला आहे. अकरापैकी नऊ घरांचे अर्ज लिहून झाले. दोन घरं पुण्याकडच्या ऊसतोडीहून परतायची आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलणं चालू आहे. दोन नगरसेविका उद्या सकाळी विहिरीवर येणार आहेत. त्यातल्या एकींनी वॉलमनच्या पगाराचा आणि रिक्त पदांचा विषय पुढच्या सभेत घ्यायचं स्वतःहून कबूल केलं. तुमच्या भावाला सांगा.

आता तीन प्रश्न उरले. २०१६ चा आदेश मूळ जोडू की साक्षांकित प्रत पुरेल? वडील मूळ कागद हातातून सोडायला तयार नाहीत. दुसरं, पर्यायी रस्ता म्हणून आम्ही उत्तरेकडची पाणंद सुचवतोय, पण गटबुक नकाशात ती अर्धवटच दिसते. त्यासाठी भूमी अभिलेखमध्ये तातडीच्या मोजणीचा अर्ज करावा का, की जागेवरचे फोटो आणि शेजाऱ्यांचे जबाब चालतील? आणि घरपट्टी भाडेकरूच्या नावाने असलेल्या एका घराची हरकत कुणाच्या सहीने द्यायची?