केसांचा प्रश्न 'चोचले' म्हणणाऱ्यांसाठी

मृण्मयी: काल 'सडेतोड' यांनी लिहिलं, "कृष्णवर्णीय बायकांनी केस कुरळे ठेवले, डोक्यावर सौंदर्यस्पर्धेचा मुकुट चढवला, याला सक्षमीकरण म्हणायचं? पोट भरलेल्यांचे चोचले." हे वाचून गप्प बसवेना.

२०१० साली अमेरिकेत, अलाबामातल्या मोबाइल नावाच्या शहरात एका कृष्णवर्णीय बाईला नोकरी देऊ केली होती. काम फोनवरचं, ग्राहक तिचं तोंडही बघणार नव्हता. तरी लॉक्स, म्हणजे वळलेल्या केसांच्या जटा, काप म्हणाले. तिने कापले नाहीत, नोकरी गेली. समान रोजगार संधी आयोगाने तिच्या बाजूने खटला भरला आणि २०१६ साली अपील कोर्टात हरला. कोर्टाचं म्हणणं, कातडी बदलता येत नाही, केसांची ठेवण बदलता येते, मग यात वंशभेद कुठला? २०१९ साली कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा क्राउन कायदा करून अशा भेदभावाला बंदी घातली. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. सडेतोड, हा पोटाचाच प्रश्न आहे.

सडेतोड: नोकरीचं ठीक. मी मुकुटाबद्दल बोललो, त्याला तुम्ही बगल दिलीत. २०१९ मध्ये मिस अमेरिका, मिस यूएसए, मिस टीन यूएसए, मिस वर्ल्ड, मिस युनिव्हर्स, पाचही जणी कृष्णवर्णीय. त्याने मोबाइल शहरातल्या त्या बाईच्या पदरात काय पडलं? बायकांना रांगेत उभं करून गुण द्यायची पद्धत तशीच राहिली. कृष्णवर्णीयांच्या चळवळीतल्या अँजेला डेव्हिसने स्वतः लिहिलंय की लोक तिला आफ्रोवरून, म्हणजे फुगवलेल्या कुरळ्या केसांवरून, ओळखतात. तिचं राजकारण गेलं, फॅशन उरली. हे मी नाही, ती म्हणते.

मृण्मयी: डेव्हिसचा मुद्दा खरा आहे. पण सप्टेंबर १९६८ आठवा. अटलांटिक सिटीत मिस अमेरिका चालू असताना बाहेर स्त्रीवादी बायका 'स्पर्धाच नको' म्हणत होत्या. त्याच रात्री जवळच्या हॉटेलात पहिली मिस ब्लॅक अमेरिका निवडली गेली. कारण मिस अमेरिकाच्या मंचावर १९७० पर्यंत एकही कृष्णवर्णीय स्पर्धक पोचली नव्हती. जिला दारातच अडवलं, तिला 'घर पाडा' असं आतल्यांनी सांगायचं?

एडिसनकर: मी न्यू जर्सीत नर्स आहे. इथल्या ब्यूटी सप्लायच्या दुकानांत 'इंडियन हेअर' म्हणून डोक्याला लावायचे जे केस विकतात, त्यात आपल्या देवळांतले केसही असतात. तिरुमलाला नवसाचे केस जमतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं. केस देणाऱ्या बाईला एक पैसा मिळत नाही आणि इकडची बाई शेकडो डॉलर मोजते. यावर कोणी बोलणार आहे का?

सडेतोड: बघा! दुसरीचे केस लावून स्वतःचा स्वीकार कसा होतो?

बालाजी_सोलापूर: तिरुपतीला मध्ये आणायचं काम नाही. मी लहानपणी टायफॉइडने आजारी होतो, तेव्हा आईने नवस बोलून केस दिले. ते देवाला दिले होते, विकले नव्हते. तिला कोणी फसवलं असं म्हणू नका.

एडिसनकर: तुमच्या आईंच्या श्रद्धेला कोण बोललं? मी पैशाचं विचारलं. फेडलेल्या नवसावर परदेशात व्यापार होतो हे त्यांना कोणी सांगितलं होतं का?

बालाजी_सोलापूर: दान दिल्यावर हिशोब मागत नाहीत आमच्यात. तुम्हाला नसेल पटत.

एडिसनकर: 'आमच्यात' म्हणजे? मीही लातूरचीच आहे, बालाजीराव.

आणि सडेतोड, माझ्यासोबत रात्रपाळी करणारी एक कृष्णवर्णीय सीनियर नर्स विग घालते. तिची आई तिला लहानपणापासून रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करायचं रसायन, लावायची, टाळू भाजायची, केस गळायचे. आता विगच्या आत ती केस वेणीत बांधून वाढवतेय. तिच्या स्वीकाराचं सर्टिफिकेट तुम्ही देणार? २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ३३,४९७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करायची रसायनं वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. ती वापरणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होत्या.

पँथरची_लेक: १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. माझे वडील त्या मोर्च्यांत होते. घरात मात्र माझ्या स्थळासाठी 'रंग जरा उजळ सांगा' असंच चालायचं. भाषणांत समता होती आणि माझ्या तोंडाला हळद-बेसन. 'ब्लॅक इज ब्युटिफुल' ही घोषणा मला फार उशिरा कळली, तेव्हा मी रडले. तिला चोचले म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही.

सडेतोड: ताई, तुमच्या अनुभवावर मी काय बोलणार. पण बाजार तुमच्या रडण्याचंही क्रीम करून विकेल, एवढंच म्हणतोय.

मृण्मयी: बाजाराचंच बोलायचं तर अमेरिकेतली कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम वॉकर घ्या. आधी धुणं धुवायची. मग केसांची उत्पादनं विकून हजारो कृष्णवर्णीय बायकांना एजंट केलं, स्वतःच्या कमाईवर उभं केलं. १९१९ साली जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धच्या लढ्याला ५,००० डॉलर दिले. बाजार आणि चळवळ अशी वेगळी काढता येत नाहीत.

सडेतोड: वॉकरबाईंचं मान्य. नोकरी आणि शाळेपुरता कायदा हवा, तेही मान्य. मुकुटावर माझं मत तेच.

मृण्मयी: शाळा म्हणालात म्हणून. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियातल्या मुलींच्या सरकारी शाळेत कृष्णवर्णीय मुली केसांच्या नियमाविरुद्ध उभ्या राहिल्या आणि तो नियम स्थगित झाला. तीन वर्षांनी त्याच देशाची झोझिबिनी तुंझी स्वतःचे आखूड, नैसर्गिक केस ठेवून मिस युनिव्हर्स झाली. मोर्चा आणि मुकुट यांतला एकच निवडा असं त्या मुलींना सांगायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

बालाजी_सोलापूर: एडिसनकर, लिलावाचा पैसा कुठे जातो यावर वेगळा धागा काढा. तिथे बोलू.