मदत हवी आहे: दिव्याचा फ्लिकर (लुकलुक) दाखवणारी भिंगरी नुसती करडी दिसते

चौथा_मजला: पुठ्ठ्याची चकती कापली, काळे-पांढरे पट्टे काढले, मोटरवर लावून फिरवली. पट्टे थांबलेले दिसायला हवेत ना? मला नुसतं करडं दिसतंय. रविवारच्या मीटिंगआधी हवंय. कोणी केलंय का? प्लीज लवकर.

मुलुंडचा_वायरमन: पट्टे किती? मोटर कसली? कुठल्या दिव्याखाली बघताय? आणि मीटिंगचा काय संबंध?

चौथा_मजला: सोसायटीने जिन्यात नवे एलईडी बल्ब लावलेत. चार मजले चढेपर्यंत बायकोचं डोकं चढतं. सेक्रेटरी म्हणतात, मला तर लख्ख दिसतंय. मोटर म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. पट्टे मोजले नाहीत, बारीक काढलेत.

घाटकोपरकर: पंखा हळू फिरत असेल तर कपॅसिटर बदला. 2.5 मायक्रोफॅरडचा मिळतो. आमचा छताचा पंखा लगेच पळायला लागला.

स्लोमो: एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवर स्लो मोशन घ्या, पट्ट्या दिसतील. विषय संपला.

चौथा_मजला: दाखवलं. "तुमच्या कॅमेऱ्याचा दोष" म्हणाले.

मुलुंडचा_वायरमन: म्हणणारच. हिशोब बघा. आपली वीज 50 हर्ट्झ, स्वस्त ड्रायव्हरचा (आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) बल्ब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. काळे पट्टे गुणिले सेकंदाचे फेरे, उत्तर 100 आलं की पट्टे थांबतात. 20 पट्ट्यांना 5 फेरे पुरतात. तुमचा पंखा मिनिटाला 2000 फेऱ्यांचा धरला तरी सेकंदाला 33 फेरे. एका लुकलुकीत सहासात पट्टे निघून जातात, मग करडंच दिसणार. 12 ऐवजी 5 व्होल्ट द्या.

गोटीबहाद्दर: 5 वर काही पंखे जागचे हलतही नाहीत, वायरमनदादा. मोटर फेकाच. जुनी सीडी घ्या, मधल्या भोकात गोटी फेव्हिक्विकने बसवा, वर बाटलीचं झाकण चिकटवा. कोनमापकाने 9-9 अंशांचे काळे-पांढरे पट्टे काढा आणि बोटांनी गिरकी द्या. वेग आपोआप उतरतो. उतरताना एका क्षणी पट्टे थबकतात, मग उलटे सरकतात. वेग मोजायची कटकटच नाही.

मुलुंडचा_वायरमन: पोरखेळ दाखवून सेक्रेटरी ऐकतील?

तबकडीवाले_काका: आमच्या टर्नटेबलची (तबकड्या वाजवायच्या यंत्राची) स्ट्रोब चकती हेच तर करायची. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी 180 रेघा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झ, म्हणून तिथल्या चकतीवर 216. निऑन दिव्याखाली रेघा ठसठशीत, पिवळ्या बल्बखाली पुसट, कारण तार गार व्हायला वेळच मिळत नाही. अवांतर: टर्नटेबलचा बेल्ट मुंबईत कुठे मिळतो?

स्लोमो: लॅमिंग्टन रोडला विचारा.

तबकडीवाले_काका: तीनदा विचारून आलो.

गोटीबहाद्दर: धागाकर्ते, दिव्याचं उत्तर राहिलंच. कुठल्या उजेडात बघितलंत?

चौथा_मजला: घरात, हॉलमध्ये. ट्यूब आहे.

मुलुंडचा_वायरमन: चोक कुठला?

चौथा_मजला: तो हलका, इलेक्ट्रॉनिक.

मुलुंडचा_वायरमन: अहो! तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याच्याखाली काय दिसणार? जिन्यात न्या की.

गोटीबहाद्दर: आणि आधी उन्हात फिरवून दाखवा. उन्हात करडं, जिन्यात पट्टे, मग भिंगरीला कोण नावं ठेवील?

चौथा_मजला: केली. पहिली गोटीसकट घरंगळत तळमजल्यापर्यंत गेली, पुन्हा चिकटवली. दुसऱ्या मजल्याच्या चौकात स्टूल ठेवून फिरवली. पट्टे थबकले आणि उलटे निघाले! शेजारचा पोरगा भिंगरी सोडेना. सेक्रेटरींनी स्वतः चारदा फिरवली, मग म्हणाले, बदलूया, पण चांगला बल्ब ओळखायचा कसा?

मुलुंडचा_वायरमन: लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, जाताना भिंगरी खिशात ठेवा. दुकानदाराला बल्ब लावायला सांगा आणि काउंटरवरच फिरवा. करडं दिसलं तर घ्या.

स्लोमो: किंवा मोबाईल न्या.

तबकडीवाले_काका: बेल्टचं अजून कोणी सांगितलं नाही.