विषय: पुन्हा: पुन्हा: १७ नंबरच्या कुंडीचं लेबल (उद्या छपाई!)

माई:
आपल्या ऑर्किड अदलाबदलीच्या यादीत १७ नंबरला ‘फॅलेनॉप्सिस, गडद जांभळा’ असं आहे. माझ्याकडे फुललाय तो फिकट गुलाबी, कडा तर जवळजवळ पांढऱ्या. फोटो जोडलाय. जांभळा लिहिलं तर नेणारा मला विचारणार, गुलाबी लिहिलं तर अण्णा म्हणणार हे माझं रोपच नव्हे. मागच्या अदलाबदलीत कुंड्या बदलल्या होत्या का, एवढं आधी सांगा.

अण्णा:
कुंड्या बदललेल्या नाहीत. नंबर मी स्वतः तळाला रंगाने लिहिलेत, उचलून बघा. हे रोप माझ्याकडे तीन वर्षं गडद जांभळंच फुललं. यादी मी ठेवतो, त्यात परस्पर बदल करू नये. तुम्ही खत कोणतं घालता?

आक्का:
खताचं नाही, आम्लाचं असेल. हायड्रेंजिया नाही का, माती आम्लधर्मी असली की निळा होतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बघा.

दादा:
आक्का, व्हिनेगर नको, मुळं जळतील. हायड्रेंजियाचं गणित वेगळं आहे. आम्लधर्मी मातीतलं अ‍ॅल्युमिनियम तो शोषून घेतो, म्हणून निळा होतो. आपलं ऑर्किड सालीच्या तुकड्यांत वाढतं, तिथे हा प्रकार चालत नाही.

माई, फुलांचा दांडा वर येत असताना कुंडी कुठे होती? गुलाबी-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. तो मुख्यतः कळी वाढत असताना पाकळीत साठतो. त्या काळात उष्णता जास्त असली की तो कमी बनतो आणि बनलेलाही लवकर विघटित होतो. रात्री १६-१८ अंशांच्या आसपास गारवा आणि दिवसा भरपूर पण थेट नसलेला उजेड मिळाला, तर तेच रोप गडद फुलतं. माझ्याकडे एका फॅलेनॉप्सिसच्या दांड्यावर पिल्लू, म्हणजे छोटं रोप, आलं होतं. ते वेगळं करून ऊबदार खोलीत आतल्या बाजूला ठेवलं, आई गार खिडकीत. दोन्ही एकाच महिन्यात फुलली आणि शेजारी ठेवल्यावर एका जातीची वाटेनात. पुढच्या वर्षी दोन्ही गार खिडकीत ठेवली, तर वेगळी ओळखू येईनात.

आक्का:
मग त्या निळ्या ऑर्किडचं काय? तेही गार खिडकीत ठेवलं असतं तर निळं राहिलं असतं?

अण्णा:
तो विषय तेव्हाच संपला होता. ते पांढरं फॅलेनॉप्सिस होतं, दांड्यात निळा रंग टोचलेला. टोचलेला रंग त्या बहरापुरताच, पुढचा दांडा पांढराच येणार. मी रोप घेताना मला ते सांगितलं गेलं नव्हतं, हे तेव्हाही लिहिलं होतं.

दादांचं म्हणणं मान्य, पण ऊतिसंवर्धनाने केलेल्या रोपांत कधी कधी जनुकातच बदल होतो. मग ठिपके, पट्टे, वेगळाच रंग येतो आणि तो गारव्याने परतत नाही. तसं असेल तर यादीत नवी नोंद लागेल.

दादा:
बरोबर, पण तसा बदल असता तर नुसता फिकेपणा न येता नक्षीही बहुधा बदलली असती. माईंच्या फोटोत शिरांची जाळी आणि लिपचा, म्हणजे मधल्या वेगळ्या पाकळीचा, आकार जुन्या फोटोसारखाच आहे. शिवाय फोटो पिवळ्या दिव्याखालचा आहे. माई, दिवसा सावलीत, शेजारी पांढरा कागद धरून पुन्हा काढाल का?

आक्का:
उजेडाने रंग चढतो हे मात्र खरं. माझ्या हिरव्या सिम्बिडियम ऑर्किडला कळ्यांवर जास्त ऊन लागलं तर पाकळ्यांवर लालसर झाक येते. म्हणून कळ्या फुगल्या की मी ते आडोशाला नेते. आणि त्याच्या फुलावरचे परागपिंड धक्क्याने पडले तर एकदोन दिवसांत लिप लाल होतो, फूलही लवकर उतरतं. अदलाबदलीच्या टेबलावर कुणी फुलांना हात लावू नये, असं लेबलवरच छापा.

अण्णा:
लेबलवर तेवढी जागा नाही. दोन ओळी, त्याही मोठ्या अक्षरात.

माई:
कुंडी उचलून पाहिली, तळाला १७ च आहे. अण्णा, तुमच्यावर शंका घेतली, राग मानू नका. दांडा निघाल्यापासून कुंडी हीटरच्या वरच्या फळीवर होती. तिला थंडी बाधेल म्हणून मीच ठेवली होती. उमललेली फुलं आता गडद होणार नाहीत हे कळलं, पण शेंड्याला मुगाएवढ्या तीन कळ्या आहेत. कुंडी गार खिडकीत हलवली आहे.

लेबल असं छापते: ‘फॅलेनॉप्सिस, जांभळा. ऊबेत फिकट, गारव्यात गडद.’ दोनच ओळी आहेत.

अण्णा:
चालेल. यादीत मी ‘जांभळा’च ठेवतो.

आक्का:
मग माझ्या २३ नंबरचंही बदला. ‘हिरवा’च्या पुढे ‘कळ्यांना आडोसा हवा’ एवढं घाला.