सोसायटी ग्रुप : ‘बाहेरून येणारे थांबवा’ या फॉरवर्डवरून

बी-५०२ : (फॉरवर्ड) “खेड्यातून शहरात येणाऱ्यांवर बंदी घाला. पाणी, ट्रॅफिक, झोपडपट्ट्या, सगळे प्रश्न एका वर्षात सुटतील. पटलं तर पुढे पाठवा.”

ए-१०४ : शंभर टक्के पटलं.

सी-७०१ : पुढे पाठवायच्या आधी एक विचारू का? शहर फक्त बाहेरून येणाऱ्यांमुळे वाढतं, हे कुणी ठरवलं?

बी-५०२ : ठरवायचं काय त्यात ताई, डोळ्यांना दिसतंय की.

सी-७०१ : दिसतं ते अर्धंच. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २००७ साली मांडलेला हिशेब असा : विकसनशील देशांतल्या शहरांच्या वाढीत साधारण ६० टक्के वाटा शहरातच होणाऱ्या जन्मांचा, म्हणजे जन्म वजा मृत्यू. उरलेल्यात स्थलांतर, आणि त्यातच हद्दवाढही, म्हणजे गाव शहरात मोजलं जाणंही, धरलेलं.

ए-१०४ : हद्दवाढ म्हणजे माणूस जागचा हललाच नाही आणि शहरी झाला?

सी-७०१ : अगदी तसंच. भारताच्या २००१ च्या जनगणनेत ‘जनगणना शहरं’ १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४. वस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं भरलं की जनगणनेच्या लेखी ते शहर. कारभार मात्र बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचाच. बंदी घालायची तर कुणावर घालणार?

एफ-४०२ : आणि आपल्यापैकी किती जण इथलेच आहेत, तेही विचारा एकदा.

सी-७०१ : ते नको. त्याने वाद पेटतो, कळत काहीच नाही.

डी-२०३ : मी जरा मोठं लिहितोय, चष्मा लावून वाचा. उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

लंडनमध्ये १८०० च्या सुमारास १० लाख माणसं होती, १९०० च्या सुमारास उपनगरं धरून ६५ लाख. शंभर वर्षं मिळाली त्यांना. त्याआधीच्या शतकात तर लंडनमध्ये बराच काळ जन्मांपेक्षा मृत्यू जास्त व्हायचे. बाहेरून माणसं आली नसती तर शहर आटलंच असतं. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी संसदेत शिरली, तेव्हा कुठे मोठ्या गटारांच्या कामाला पैसे मिळाले.

आता ढाका बघा. १९५० मध्ये साडेतीन लाखांच्या आत. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आसपासचा पट्टा धरून १ कोटी ९६ लाख. लस, जुलाबावरची मीठ-साखरेची पुडी आणि अँटिबायोटिक या शहरांत गटाराच्या आधी पोचले. मुलं जगली, आणि जगावीतच. गटार मागे राहिलं, दुखणं तिथे आहे.

बी-५०२ : काका, मान्य. पण येणारेही कमी नाहीत ना? ते रोखले तर निदान गटाराला वेळ मिळेल.

डी-२०३ : रोखून पाहिलंय लोकांनी. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता, तिच्या गव्हर्नरांनी १९७० मध्ये शहर बाहेरून येणाऱ्यांसाठी ‘बंद’ जाहीर केलं, तरी शहर वाढतच राहिलं. चीनने १९५८ मध्ये हुकोउचा, म्हणजे माणूस कुठल्या गावचा याच्या सरकारी नोंदणीचा, कायदा केला. तिथे सुरुवातीला लोक अडलेही. पण कारखान्यांना हात हवे झाले तेव्हा कोट्यवधी माणसं शहरात आली, फक्त नोंद गावाकडे राहिली. म्हणजे काम शहरात करायचं, पण मुलाच्या शाळेचा आणि दवाखान्याचा हक्क गावाच्या नावावर. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला शहरात राहायला पास लागायचा. पोलीस, तुरुंग, सगळं वापरून झालं आणि १९८६ मध्ये ते कायदे काढावे लागले.

सेक्रेटरी : उद्या सकाळी १० ते १२ ए आणि बी विंगच्या लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. ही सूचना चर्चेत हरवू देऊ नका.

ई-३०६ : आमच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात यावर एक गंमत आहे. हॅरिस आणि टोडारो या दोन अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये मांडलेली. माणूस शहरातला नुसता पगार बघत नाही, पगार गुणिले नोकरी मिळण्याची शक्यता असा मनातल्या मनात गुणाकार करतो. त्यामुळे शहरात हजार नोकऱ्या काढल्या तर हजाराहून जास्त माणसं निघू शकतात आणि बेकारी उलट वाढू शकते.

ए-१०४ : मग नोकऱ्या काढायच्याच नाहीत का?

ई-३०६ : गावाकडची मिळकतही वाढवा, असं त्यावरचं म्हणणं.

डी-२०३ : कागदावर छान आहे. पण गरीब माणसाला बेकार राहणं परवडतं कुठे? तो हातगाडी ओढतो, हमाली करतो, बांधकामावर जातो. आणि गावाची मिळकत वाढवायला पक्का रस्ता केलात, शाळा काढलीत, तर त्याच रस्त्याने शिकलेला पोरगा शहरात येतो. गावासाठी करायचं ते गावासाठी करा, शहराची गर्दी कमी व्हावी म्हणून नको.

एफ-४०२ : त्यापेक्षा नवीन शहर वसवावं. कोरी पाटी.

डी-२०३ : ब्राझीलने वसवलं की. ब्राझीलिया या नव्या राजधानीचं उद्घाटन १९६० मध्ये. बांधणाऱ्या मजुरांसाठी आराखड्यात जागाच नव्हती, त्यांच्या वस्त्या वाढल्या आणि तागुआतिंगा हे उपनगर १९५८ मध्येच उभं करावं लागलं. राजधानीच्या दोन वर्षं आधी!

बी-५०२ : हे भारी आहे.

सी-७०१ : जकार्ताचंही तसंच. सगळीकडे नळ नाही म्हणून लोकांनी आणि इमारतींनी जमिनीतलं पाणी उपसलं, त्याने शहर खचत गेलं. २०१९ मध्ये राजधानी बोर्निओ बेटावर हलवायचं जाहीर झालं. पण राजधानी हलली म्हणून कोटभर माणसं थोडीच हलतात?

ए-१०४ : नुसतं ‘हे चालत नाही, ते चालत नाही’. चालतं काय ते सांगा काका.

डी-२०३ : क्रम. आधी रस्त्याची जागा आणि खालचा पाइप, मग घरं. न्यूयॉर्कने १८११ मध्ये रस्त्यांची जाळी आखली तेव्हा तिथे जेमतेम लाखभर लोक होते. बहुतेक जाळी शेतांवर आणि टेकड्यांवर आखलेली. आपल्यासारख्या देशांत उलटं होतं. घरं उठतात, मग वीज येते, मग निवडणूक येते, आणि पाइप टाकायला जातो तेव्हा गल्ली चार फुटांची. खणायचं यंत्र आत शिरत नाही. मी उभा राहिलोय अशा गल्ल्यांत.

तिथेही काही होत नाही असं नाही. कराचीत ओरंगी या वस्तीत १९८० पासून समाजसेवक अख्तर हमीद खान यांच्या प्रकल्पात गल्लीतल्या लोकांनी आपापसांत पैसे काढून गल्लीतलं गटार स्वतः टाकलं. मोठी वाहिनी मात्र सरकारनेच टाकायची. ती गल्लीला जमत नाही.

ए-१०४ : पण रस्त्यासाठी आधीच जागा सोडायची तर जमीनवाला का सोडेल?

डी-२०३ : त्याला नगररचना योजना आहे, मुंबई प्रांताचा कायदा १९१५ चा. अहमदाबाद अजून तिच्यावर वाढतंय. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळांपुरता भाग कापायचा, उरलेले भूखंड परत द्यायचे. जमीन घटते, भाव वाढतो. त्या वाढीतला हिस्सा पाइपसाठी घ्यायचा.

ए-१०४ : आणि ज्याची जमीनच नाही, भाड्याने राहतो, त्याला काय परत मिळतं?

डी-२०३ : त्याला काही नाही.

ई-३०६ : गरिबांच्या घरांसाठी थोडे भूखंड राखतात की काका.

डी-२०३ : राखतात. पण रस्ता झाला की पहिल्यांदा भाडं वाढतं. घरं बांधून होईपर्यंत तो पुढच्या गल्लीत गेलेला असतो. तीही चार फुटांचीच.