मदत हवी आहे : वाशीला अधिवेशन, आम्ही ४२ जण आणि दुपारी जेवायला पाऊण तास

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्हा शिक्षकांचं अधिवेशन वाशीला आहे, शुक्रवार ते रविवार. जागा सेक्टर ३० अ मधलं एक हॉटेल. सत्रं खाली सभागृहात, राहायचं वरच्या मजल्यांवर. कराड भागातून आम्ही ४२ जण येतोय आणि या ४२ जणांच्या जेवणाचं बघायचं काम माझ्याकडे आलंय. सकाळचा नाश्ता आणि रविवारचं समारोपाचं जेवण नोंदणी शुल्कात आहे. शुक्रवार-शनिवारच्या दोन दुपारी आणि दोन रात्री मात्र आपापली सोय करायची आहे.

हॉटेलच्या रेस्टॉरंटचं मेन्यूकार्ड मागवून घेतलं. दर आमच्यातल्या बऱ्याच जणांना झेपणारे नाहीत, वर १८ टक्के जीएसटी. काही जण तर गेल्या वर्षी-दीड वर्षातच कायम झालेले तरुण शिक्षक आहेत, घरी हप्ते चालू आहेत. त्यांनी दोन दिवस बिस्किटांवर काढावेत असं मला नको आहे.

पण खरी काळजी पैशांची नाही, वेळेची आहे. दुपारी सव्वा वाजता सत्र सुटतं आणि दोनला पुढचं सुरू होतं.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात असंच अधिवेशन होतं. दुपारी जवळच्या एका हॉटेलात तीस-पस्तीस जण एकदम शिरलो. वेटर म्हणाला, दहा मिनिटांत ताटं लागतील. त्याच्या शब्दावर आमच्या एका ज्येष्ठ सरांनी इन्सुलिन टोचून घेतलं. पस्तीस मिनिटं झाली तरी टेबलावर पाणी आणि कांदा-लिंबू एवढंच. मी समोरच बसले होते. सर शर्टाचं वरचं बटण काढायला बघत होते आणि त्यांच्या बोटांना बटण सापडत नव्हतं. कपाळ घामाने डबडबलेलं. शेजारच्या बाईंच्या लक्षात आलं म्हणून बरं, त्यांनी काउंटरवरून साखर आणली, तीन चमचे पाण्यात ढवळले आणि मी पेला त्यांच्या तोंडाला लावून धरला. पंधरा-वीस मिनिटांनी सर बोलायला लागले. पहिलं वाक्य, "सत्र सुरू झालं का?"

ते सर यंदाही येताहेत, आणि त्यांच्यासारखे आणखी चार जण आहेत. म्हणून कुठलं हॉटेल चविष्ट यापेक्षा कुठे ताट पटकन समोर येतं, हे मला आधी कळायला हवं. चालत जाता येईल असं, साधं जेवण मिळणारं. आमच्यात सहा जण कांदा-लसूण खात नाहीत, दोन जैन आहेत. शनिवारी आठ जणांना उपास असतो. रत्नागिरीकडून आमच्यात बदली होऊन आलेले तिघे आहेत, त्यांनी मासे कुठे मिळतील हे आत्तापासून विचारायला सुरुवात केली आहे.

आणि रात्री थोडं लांब गेलो तरी चालेल. शनिवारी संध्याकाळ मोकळी आहे. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी नवी मुंबई, ठाणं पाहिलेलंच नाही. त्यांना चांगलं काहीतरी खाऊ घालायची इच्छा आहे.

कृपया नेमकं सांगा.

— कराडकर_शिक्षिका

.....

ताई, आधी जीएसटीचं सांगते, म्हणजे तुमच्या लोकांना हॉटेल मुद्दाम जास्त घेतंय असं वाटणार नाही. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलेलं असतं, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो. बाहेरच्या नेहमीच्या हॉटेलांना, एसी असो वा नसो, ५ टक्के. सर्व्हिस चार्ज हा वेगळा प्रकार. तो बिलात आपोआप लावता येत नाही, २०२२ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसं स्पष्ट केलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. कुठे लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा.

आता जागा. सेक्टर ३० अ म्हणजे वाशी स्टेशनचाच परिसर. सिडकोचं प्रदर्शन केंद्र, इनऑर्बिट मॉल, रघुलीला मॉल, सगळं चालत. दुपारच्या पाऊण तासात महामार्ग ओलांडून सेक्टर १७ ला जाऊ नका. तिकडे हॉटेलं भरपूर आहेत, पण सायन-पनवेल महामार्ग मध्ये येतो आणि ४२ जणांना एकत्र नेऊन परत आणणं त्या वेळात होणार नाही. सेक्टर १७ रात्रीसाठी ठेवा.

दुपारी इनऑर्बिटचं फूड कोर्ट. तिथे एकाच स्वयंपाकघरावर ४२ ताटांचा भार पडत नाही, ज्याला जे हवं ते त्याने आपल्या काउंटरवरून घ्यायचं. शुक्रवारी दुपारी बसायलाही मिळेल. शनिवारी मात्र गर्दी होते.

— वाशी_सेक्टर_नऊ

.....

फूड कोर्टाशी सहमत, पण रोज ते खाऊन पोट बिघडतं. स्टेशनच्या इमारतीत आणि बाहेर उडपी पद्धतीची हॉटेलं आहेत. तिथे राइस प्लेट मागवा. इडली, डोसा, राइस प्लेट या तीन गोष्टी उडप्याकडे तयारच असतात. पंजाबी भाजी मागवली की ती भाजी तुमच्यासाठी वेगळी टाकली जाते आणि तिथेच वेळ जातो. मी अठरा वर्षं वाशी स्टेशनवरून कामाला ये-जा केली, दुपारी दीडला बसून पावणेदोनला बाहेर पडायचो.

एक करा. आदल्या दिवशी हॉटेलच्या मॅनेजरला भेटून या. उद्या सव्वा वाजता इतके जण येणार, इतकी जेवणं, इतकी जैन, पैसे एकत्र देणार असं सांगा. थोडी आगाऊ रक्कम द्या. एका हॉटेलात बेचाळीस नकोत, चौदा-चौदाचे तीन गट करून तीन ठिकाणी पाठवा. वेगवेगळी बिलं मागितली की शेवटची दहा मिनिटं काउंटरवर जातात, त्यामुळे गटाचं बिल एकाने भरायचं आणि हिशेब रात्री करायचा.

— सानपाडा_लोकल

.....

माझ्या वडिलांना पंधरा वर्षं इन्सुलिन चालू होतं, त्यामुळे तुमच्या सरांचं वाचताना हात थांबला. आमच्या डॉक्टरांनी घातलेला नियम सांगते. बाहेर जेवताना ताट समोर दिसल्याशिवाय सुई बाहेर काढायची नाही. काही इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, काही अगदी जेवायला बसताना. सरांचं कुठलं आहे आणि बाहेर असताना वेळ कशी बदलायची, हे त्यांना निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावा. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. साखर उतरली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, तरी कमीच असेल तर तेवढंच पुन्हा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

आणि त्या पाच जणांना हॉटेलं शोधत फिरवूच नका. नवी मुंबईत जवळपास प्रत्येक नोडमध्ये (म्हणजे वाशी, नेरूळसारख्या उपनगरात) पोळी-भाजी केंद्रं आहेत. दोन-तीन पोळ्या, एक पालेभाजी, एक उसळ, वरण-भात, काकडीची कोशिंबीर. डबा एकच्या आत पोचवतात. बाहेरचं अन्न आत आणायला हॉटेलं नाही म्हणतात हे खरं, पण आजारपणाचं कारण सांगून पाच डब्यांची परवानगी लेखी मागा. इतकी वर्षं वडिलांना घेऊन फिरले, मला कुणी नाही म्हटलं नाही. उपासवाल्यांनाही याच केंद्रांतून भगर आणि दाण्याची आमटी आदल्या दिवशी सांगून मिळेल. साबुदाण्याची खिचडी तेवढी मागवू नका, डब्यात गार झाली की गोळा होतो.

— कोपरखैरणे_आई

.....

ताई, सेक्टर ३० अ मध्ये येताय आणि कुणी राज्यांच्या भवनांचं, म्हणजे त्या त्या राज्य सरकारच्या अतिथिगृहांचं, सांगितलंच नाही? आसाम भवन, ओडिशा भवन, केरळ हाउस, उत्तराखंड भवन ही सगळी त्याच भागात आहेत. शिक्षकांना तर हे दाखवायलाच हवं. भूगोलाच्या पुस्तकातली राज्यं एका रस्त्यावर उभी आहेत.

मी आसाम भवनात जेवलोय. आंबट रस्सा असलेला मासा, त्याला मासोर टेंगा म्हणतात. आपल्या चिंच-कोकमाच्या आमटीच्या आंबटपणापेक्षा हा आंबटपणा पातळ, हलका. पहिला घास घेतला तेव्हा यात मसाला घालायला विसरले की काय असं वाटलं, तिसऱ्या घासाला कळलं की त्यात लपवण्यासारखं काही नाही, मासा ताजा असल्याशिवाय हा पदार्थ करताच येणार नाही. तुमच्या रत्नागिरीच्या तिघांना तिथेच न्या. ओडिया जेवणात डालमा मिळाला तर जरूर घ्या, तूरडाळीत भाज्या घालून शिजवलेला, सौम्य. वयस्कर मंडळींना तोच सोसेल.

भवनांतली कँटीन लहान असतात. आधी फोन करा आणि आठ-दहा जणांच्या वर एकदम जाऊ नका. शुक्रवारी रात्री गट पाडून वेगवेगळ्या भवनांत जेवा आणि शनिवारी नाश्त्याला एकमेकांना सांगा कुणी काय खाल्लं.

— भवनप्रेमी

.....

शनिवारच्या संध्याकाळसाठी ठाण्याला या. वाशीहून थेट गाडी आहे, साधारण अर्धा तास. लक्षात ठेवायची गोष्ट एकच : परत येताना ठाण्याला "वाशी" लिहिलेलीच गाडी पकडा. पनवेल आणि नेरूळच्या गाड्या तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळतात, वाशीला येत नाहीत. बाहेरगावचे पाहुणे हमखास तिथे चुकतात. चुकलंच तर तुर्भ्याला उतरून मागची वाशी गाडी घ्या. आणि हा बेत रविवारवर ढकलू नका, रविवारी मेगाब्लॉक असू शकतो.

ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतराल. पुलावरून पश्चिमेला या. स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव, तो मोठा असतो, दोघांत एक घ्या. नौपाड्यात गजानन वडापाव, तिथे वड्यासोबत बेसनाची पिवळी पातळ चटणी देतात. वडा कोरडा खाऊ नका, त्या चटणीत बुडवून खा. ती चटणी नसती तर तो वडा चार ठिकाणी मिळतो तसाच असता. मामलेदारची मिसळ तर तुम्ही ऐकली असेलच, मामलेदार कचेरीजवळ आहे म्हणून ते नाव. कोल्हापूर-कराडकडच्या मिसळीची सवय असेल तर तिखटच मागवा, पण सोबतच्या मंडळींना मध्यमच घ्यायला सांगा. बसून मराठी शाकाहारी जेवायचं असेल तर घंटाळी भागात मेतकूट आहे. शनिवारी रात्री तिथे बराच वेळ थांबावं लागतं, त्यामुळे इन्सुलिनवाल्यांना तिथे नेऊ नका.

मग तलावपाळीला चक्कर मारा. कौपिनेश्वराचं दर्शन होईल, तळ्याच्या कडेला बसता येईल. घरी न्यायला मिठाई प्रशांत कॉर्नरमधून.

— नौपाडेकर

.....

सर्वांचे मनापासून आभार. एवढं नेमकं सांगाल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री बसून ठरवलं. शुक्रवारी दुपारी फूड कोर्ट. शनिवारी दुपारी तीन उडपी हॉटेलं, डबेवाले सोडून बाकीच्यांचे तीन गट, प्रत्येक गटाला एक प्रमुख आणि त्याच्याकडे गटाचे पैसे. पाच जणांचे डबे दोन्ही दिवस. आज हॉटेलच्या व्यवस्थापकांशी फोनवर बोलले, मागचा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, डबे रिसेप्शनवर उतरवून घेऊ, आमच्या माणसाकडून खोलीत पाठवू, ईमेल तेवढी करून ठेवा. केली.

सरांनाही फोन केला. सुरुवातीला म्हणाले, माझ्या एकट्यासाठी एवढं कशाला, मी बाकीच्यांबरोबर जेवेन. मग मी सांगितलं की डबेवाले तुम्ही पाच जण आहात आणि मीही डबाच मागवतेय, सहा जण एकत्र बसून जेवू. तेव्हा कबूल झाले. पालेभाजीत मेथी असेल तर बरी, एवढं मात्र सांगितलं.

शुक्रवारच्या रात्रीची भवनं मला फार आवडली. आमच्या भूगोलाच्या बाई तर आत्ताच यादी करायला बसल्या आहेत.

दोनच गोष्टी राहिल्या. एका सकाळी सहाच्या सुमारास काही जणांना एपीएमसीचा (कृषी उत्पन्न बाजार समितीचा) फळबाजार बघायचा आहे. एवढ्या पहाटे तिथे चहा आणि गरम काही खायला कुठल्या गेटजवळ मिळतं? आणि सेक्टर ३० अ ला रोज एकच्या आत सहा डबे पोचवणारं पोळी-भाजी केंद्र कुणी स्वतः वापरत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून नाव कळवा. मेथीची भाजी करणारं असेल तर आधी ते.

— कराडकर_शिक्षिका